3 दिवसांत चिखल्या गायब? जरा पाय दाखवा

पावसाळा लागला की पुण्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन गोष्टी ठरलेल्या: खडकवासला धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं त्याचा आकडा, भिडे पूल पाण्याखाली गेल्याचा फोटो, आणि चिखल्यांचा तो फॉरवर्ड. यंदा तो मला चार ग्रुपवर आला आणि पाचव्यांदा सख्ख्या मावशीकडून. मजकूर थोडक्यात असा: चिखल्या चिखलाने आणि अंगातल्या उष्णतेने होतात, एकाच्या दुसऱ्याला लागत नाहीत. रात्री लसूण ठेचून बोटांत बांधा, सकाळी व्हिनेगरच्या गरम पाण्यात पाय बुडवा, वर पावडर मारा. फारच खाज असेल तर मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणा. 3 दिवसांत खाज गायब म्हणजे रोग गायब. शुगरवाल्यांनाही चालतं, साइड इफेक्ट शून्य.

मी कोथरूडला मेडिकल चालवतो. ती ट्यूब मागायला येणारे माझ्याच काउंटरवर येतात, म्हणून हा लेख.

आधी चिखल आणि उष्णता. नावानेच घोळ केलाय. चिखलात आयुष्यात पाय न घातलेली, हिंजवडीला एसीत बसणारी मुलंही चिखल्या घेऊन येतात. सकाळी गाडीवर बूट भिजतात, तेच ओले मोजे संध्याकाळी सातपर्यंत पायात. एवढं पुरतं. चिखल्या बहुतेक वेळा बुरशीच्या असतात. ट्रायकोफायटन नावाची ही बुरशी आपल्या कातडीतल्या, नखातल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते, आणि तिला दमट, बंद, उबदार जागा लागते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचं बेचकं सगळ्यात अरुंद, वारा लागत नाही, म्हणून सुरुवात बहुधा तिथूनच. सब्जा पिऊन पोट थंड होईल, बेचकं कोरडं व्हायचं नाही.

"लागत नाहीत" हे तर साफ चूक. घरातल्या सगळ्यांचा एकच पंचा, बाथरूमबाहेरचं कायम ओलं पायपुसणं, पोहण्याच्या तलावाची चेंजिंग रूम, मुलाने घातलेले बापाचे बूट, सगळीकडून लागते. आणि दुसऱ्याचं सोडा, स्वतःलाच दुसरीकडे लागते. ज्या टॉवेलने पाय पुसला त्यानेच जांघ पुसली की तिथे नायटा, म्हणजे त्याच बुरशीचा चट्टा. पायाला बुरशी असेल तर कपडे घालताना आधी मोजे, मग चड्डी. हे सांगितलं की गिऱ्हाईक हसतं, पण कारण सरळ आहे: चड्डी चढवताना पाय तिला घासून जातो.

लसणाबद्दल फॉरवर्डवाल्याला अर्धे मार्क. लसणातल्या काही घटकांनी बुरशी मरते हे प्रयोगशाळेत दिसलंय. पण प्रयोगशाळेतल्या बशीला कातडी नसते. ठेचा करताना लसूण सोलून बोटं कशी चरचरतात आठवा, आणि तोच लगदा आधीच भिजून फुटलेल्या कातडीवर रात्रभर फडक्याने आवळून बांधलेला डोळ्यांसमोर आणा. कच्च्या लसणाने कातडी भाजते, फोड येतात. व्हिनेगरचं तसंच, उघड्या भेगेत आग होते आणि बुरशी समूळ जाईल याचा भरवसा नाही. पावडरचं एका वाक्यात: साधी टाल्कम पावडर थोडा घाम टिपते, बुरशी मारत नाही, आणि ओल्या पायावर मारली तर बेचक्यात नुसता चिकट गोळा होतो. (मेंदीचं काय, हे कोणीतरी विचारणारच. आजीच्या वेळची पाल्याची मेंदी एक वेळ ठीक. बाजारातल्या काळ्या मेंदीत केसांच्या डायचं रसायन असू शकतं, ती पायाला लावू नका.)

आता ट्यूब.

मागच्या जुलैमध्ये शेजारच्या बिल्डिंगचे वॉचमनकाका आले. "दादा, ती परवाची द्या," म्हणून खिशातून रिकामी ट्यूब काढली. टूथपेस्टसारखी मागून गुंडाळत आणलेली, शेवटचा थेंबही सोडलेला नाही. म्हटलं, पाय दाखवा. त्यांनी गमबूट ओढून काढला तेव्हा आधी वास आला. तळवा पांढराफटक, सुरकुतलेला. करंगळीचं बेचकं उघडलं तर कातडी ओल्या कागदासारखी सुटत होती. आणि खरी गोष्ट वर होती: पावलावरून घोट्याकडे चढलेला लालसर, पुसट कडांचा चट्टा. महिन्यापूर्वी तो नव्हता, असं तेच म्हणाले. "पण खाज नाही हो दादा. लावली की दोन दिवस एकदम शांत."

ट्यूबवर बारीक अक्षरांत चार औषधांची नावं होती. एक बुरशीचं, दोन जंतूंची आणि चौथं क्लोबेटासोल. हे जबर ताकदीचं स्टिरॉइड. ते सूज आणि खाज झपाट्याने उतरवतं, म्हणून माणसाला वाटतं गुण आला. प्रत्यक्षात त्या जागेची प्रतिकारशक्ती झोपवली जाते आणि बुरशी निवांत पसरते. नायट्याची ओळखीची गोल, उठावदार कड पुसली जाते, मग डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. ट्यूब बंद केली की खाज दुप्पट, म्हणून माणूस पुन्हा काउंटरवर. जांघेत महिनोन्‌महिने लावली तर कातडी पातळ होते आणि कायमचे वळ पडतात. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. विकली जातात, हे तुम्हालाही माहीत आहे. सुरुवातीच्या वर्षांत मीही दिली आहेत. समोरचा खाजवत उभा असतो, मागे रांग असते, आणि त्याला तीच हवी असते. घरात ट्यूब असेल तर नावं वाचा: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं तर स्वतःच्या मनाने चिखल्यांवर लावू नका.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे नायटा हट्टी झालाय, त्यात या ट्यूबांचा हात आहे असं त्वचारोगतज्ज्ञ सतत सांगतात. भर म्हणजे टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी बुरशीची एक जात पसरली आहे. 2020 मध्ये तिला नाव मिळालं ट्रायकोफायटन इंडोटिनी. त्या नावात आपला देश आहे, अभिमान वाटावा असं त्यात काही नाही.

मग घरी करायचं काय? साध्या, बेचक्यापुरत्या चिखल्यांना नुसतं बुरशीचं मलम पुरतं, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. टर्बिनाफिन 1 टक्का साधारण एक ते दोन आठवडे, क्लोट्रिमॅझोल 1 टक्का दिवसातून दोनदा चार आठवडे. पाय धुऊन, बेचकी वेगळ्या फडक्याने टिपून, पूर्ण कोरडी झाल्यावर लावायचं, चट्ट्याच्या कडेबाहेरही बोटभर. फॉरवर्डमधले 3 दिवस इथेच फसतात: खाज पहिल्या आठवड्यात थांबते, बुरशी कातडीत तशीच असते, ट्यूब कपाटात जाते आणि गणपतीत चिखल्या परत. नख पिवळं, जाड, भुसभुशीत झालं असेल तर मलमाचा फारसा उपयोग नाही. पायाचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्याला पोटातली गोळी डॉक्टर ठरवतील.

आणि बूट. बुरशी बुटात महिनोन्‌महिने टिकते, त्यामुळे पाय बरा करून तोच ओला बूट घालणं म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. दोन जोड आलटून पालटून, रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे, ऊन नसेल तर पंख्याखाली. मोजे सुती आणि रोज धुतलेले, मशीनला 60 अंशांचं सेटिंग असेल तर त्यावर. रविवारी सिंहगडावरून भिजून आलात तर बूट डिकीत बंद करून ठेवू नका. वॉचमनकाकांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी कातडी खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, बुरशीचे धागे दिसले, औषध चाललं. गमबुटाच्या दुसऱ्या जोडीसाठी त्यांच्या सोसायटीत म्हणे पाऊण तास चर्चा झाली. मंजूर झाली.

राहता राहिलं "शुगरवाल्यांनाही चालतं". या एका ओळीसाठी मी ग्रुपवर भांडलो. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, मग पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि लसणाने भाजलेलंही दुखत नाही. बेचक्यातल्या भेगेतून जंतू आत शिरले की पाय सुजतो, लाल होतो, ताप येतो, आणि पुढे जखम भरता भरत नाही. शुगर असेल, पाय सुजला असेल, पू किंवा ताप असेल, किंवा दोन आठवडे नीट मलम लावून फरक नसेल तर घरगुती काहीही नको. सगळ्याच चिखल्या बुरशीच्या नसतात, इसब आणि चपलेच्या रबराची ॲलर्जीही तशीच दिसते.

मावशीला बारा वर्षं शुगर आहे. फोन केला तर म्हणाली, "मी कुठे लावलंय, नुसतं पुढे पाठवलं." तरी रविवारी नारायण पेठेत जाऊन तिला खुर्चीत बसवलं आणि मोबाइलच्या उजेडात दोन्ही पाय बघितले. डाव्या करंगळीच्या बेचक्यात भेग होती. तिला दुखत नव्हती. सोमवारची अकराची वेळ घेतली आहे.