हिरोशिमात गवत उगवतं

ऑगस्ट आला की हिरोशिमाबद्दलचा एक मजकूर हमखास फिरू लागतो. 'तिथे आजही गवताचं पातं उगवत नाही. आजही अपंग मुलं जन्माला येतात. हवा-पाण्यात किरणोत्सर्ग आहे, म्हणून जपानला गेलात तरी तिकडे फिरकू नका. आणि इतकी माणसं जिथे होरपळून मेली, तिथे सहलीला जायचंच कशाला?' शाळेतल्या भाषणांत हीच वाक्यं ऐकू येतात. जपानची सहल ठरवणाऱ्या घरातही कुणीतरी काळजीपोटी तीच ऐकवतं. सांगणाऱ्याला कळवळा असतो, यात शंका नाही. पण यातली पहिली तीन विधानं चुकीची आहेत, आणि त्यातल्या एकाने तर वाचलेल्या माणसांचं फार नुकसान केलं आहे.

गवताची गोष्ट 1945 सालचीच आहे. बॉम्ब पडल्याला दोन दिवस होत नाहीत तोच अणुबॉम्ब प्रकल्पात काम केलेल्या हॅरॉल्ड जेकबसन या अमेरिकी शास्त्रज्ञाचा लेख छापून आला. त्यात म्हटलं होतं, की हिरोशिमा सत्तर-पंचाहत्तर वर्षं ओसाड राहील. त्याने ते म्हणणं लगेच मागे घेतलं, पण बातमी तोवर जगभर गेली होती. त्याच शरद ऋतूत राखेतून कर्दळीची लाल फुलं वर आली, आणि त्यांचा फोटोही उपलब्ध आहे. कण्हेर तर आज शहराचं अधिकृत फूल आहे. स्फोटबिंदूपासून साधारण 2 किलोमीटरच्या आत बॉम्ब सोसून जगलेली दीडशेहून जास्त झाडं जपली आहेत, आणि तशी पाटी प्रत्येक झाडाजवळ लावलेली असते. होसेन्बो मंदिरातला गिंको स्फोटबिंदूपासून जेमतेम सव्वा किलोमीटरच्या आत होता. पुढे मंदिर नव्याने बांधताना त्याला तोडलं नाही, पायऱ्याच त्याच्या दोन्ही बाजूंनी वळवून घेतल्या.

आता किरणोत्सर्ग. चेर्नोबिल आणि हिरोशिमा लोकांच्या डोक्यात एकत्र झाले आहेत, घोळ तिथेच होतो. चेर्नोबिलला जमिनीवरची अणुभट्टी फुटली, सुमारे दहा दिवस जळत राहिली आणि तिच्यात कित्येक टन इंधन होतं. हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये सुमारे 64 किलो युरेनियम होतं आणि त्यातल्या एक किलोहूनही कमी युरेनियमचं विखंडन झालं. तो 600 मीटर उंचीवर फुटला, आगीचा गोळा जमिनीला टेकला नाही आणि बरेचसे किरणोत्सर्गी पदार्थ ढगाबरोबर वर जाऊन पांगले. न्यूट्रॉनच्या माऱ्याने माती आणि इमारती किरणोत्सर्गी झाल्या, पण ते झपाट्याने ओसरलं. स्फोटानंतर लगेच जेवढा किरणोत्सर्ग होता, त्याच्या सुमारे हजाराव्या भागावर तो चोवीस तासांत आला.

याचा अर्थ ते पहिले दिवस सुरक्षित होते असा अजिबात नाही. काळा पाऊस, म्हणजे काजळी आणि किरणोत्सर्गी कण मिसळलेला पाऊस, पडला. आपली माणसं शोधायला शहरात शिरलेल्यांनाही किरणोत्सर्ग भोवला, आणि स्फोटानंतर दोन आठवड्यांत स्फोटबिंदूच्या परिसरात गेलेल्यांना जपानचा कायदाही बॉम्बग्रस्त, म्हणजे हिबाकुशा, मानतो. पण आजच्या हिरोशिमात किरणोत्सर्ग कुठल्याही सामान्य शहराइतकाच, निसर्गात असतो तेवढाच आहे. तिथे सुमारे 12 लाख माणसं राहतात. ट्राम तर बॉम्बनंतर तिसऱ्याच दिवशी, 9 ऑगस्टला, छोट्याशा टप्प्यावर पुन्हा धावली होती.

माझा खरा राग आहे तो अपंग मुलांच्या वाक्यावर. स्फोटाच्या वेळी जी बाळं पोटात होती, त्यांतल्या काहींची डोकी लहान राहिली, बुद्धीची वाढ खुंटली. गर्भ 8 ते 15 आठवड्यांचा असेल तर धोका सगळ्यात जास्त होता. हे निर्विवाद आहे. पण नंतर गर्भधारणा होऊन जन्मलेल्या मुलांचं काय? त्या काळी जपानमध्ये रेशन होतं आणि गरोदर बाईने नाव नोंदवलं की तिला जादा शिधा मिळे. त्या नोंदींच्या आधारे संशोधकांनी 1948 ते 1954 या काळात हिरोशिमा आणि नागासाकीतली सुमारे 77,000 नवजात बाळं तपासली. जन्मजात व्यंगांत स्पष्ट वाढ आढळली नाही. या पिढीचा अभ्यास पुढेही चालू राहिला आहे.

तरीही अफवा टिकली, आणि तिची किंमत हिबाकुशांनी मोजली. मुलगी हिरोशिमाची आहे म्हटल्यावर ठरत आलेली लग्नं मोडायची, वरपक्ष आडून चौकशा करायचा. 1957 पासून सरकार हिबाकुशांना आरोग्य-पुस्तिका देऊ लागलं, तिच्यावर उपचार मिळत. पण लेकीबाळींची लग्नं अडतील या भीतीने अनेकांनी वर्षानुवर्षं ती घेतलीच नाही. स्थळं कशी मोडतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ज्या वाक्याने त्यांची आयुष्यं नासवली, तेच वाक्य आपण त्यांच्याबद्दलच्या सहानुभूतीने पुढे ढकलतो आहोत.

दुःख दाखवायला खोट्याची गरजही नाही. 1945 संपेपर्यंत सुमारे 1,40,000 माणसं मेली. नंतर ल्युकेमिया आला, कर्करोग आले. सादाको सासाकी बॉम्बच्या वेळी दोन वर्षांची होती, ती 1955 मध्ये बारा वर्षांची होऊन ल्युकेमियाने गेली.

राहिला शेवटचा प्रश्न, जायचंच कशाला. शांतता स्मारक संग्रहालयात शिगेरु ओरिमेन या तेरा वर्षांच्या मुलाचा डबा आहे. त्या सकाळी शाळकरी मुलांना घरं पाडून आग रोखणाऱ्या मोकळ्या पट्ट्या करायच्या कामाला जुंपलं होतं. अशी हजारो मुलं गेली. शिगेरुच्या आईला पोराचा मृतदेह सापडला, तो या डब्यावरून ओळखला. आत बार्ली आणि सोयाबीन घातलेला भात आहे, जळून कोळसा झालेला. त्याच्यासमोर उभं राहिलेल्या कुणाला 'सहल' हा शब्द सुचेल असं मला वाटत नाही. आणि लोकांनी यावं, पाहावं, ऐकावं, ही मागणी हिबाकुशांचीच आहे. त्यांच्या निहोन हिदांक्यो या संघटनेला 2024 चं शांततेचं नोबेल मिळालं. 2025 मध्ये हयात हिबाकुशांची संख्या एक लाखाच्या खाली आली, सरासरी वय 86. त्यांच्या तोंडून ऐकायची संधी फार वर्षं उरलेली नाही.

फक्त गेलात तर घाई करू नका. ओसाकाहून सकाळच्या शिंकानसेनने यायचं, बॉम्बमधून उरलेल्या इमारतीच्या घुमटापुढे फोटो काढायचा आणि दुपारी जवळच्या मियाजिमा बेटावर पळायचं, यात काहीच हाती लागत नाही. संग्रहालयाला अर्धा दिवस द्या. संग्रहालयाभोवतीच्या शांतता स्मारक बागेतलं कोरियन बळींचं स्मारकही पाहा. जपानच्या राजवटीत तिथे आलेले, आणलेले हजारो कोरियन त्या बॉम्बमध्ये मेले, पण त्यांचं स्मारक 1999 पर्यंत या बागेच्या बाहेर होतं. मुलं लहान असतील तर संग्रहालयाच्या मुख्य दालनात नेण्याआधी विचार करा, तिथली छायाचित्रं भयंकर आहेत. त्यांच्यासाठी सादाकोच्या आठवणीने उभारलेलं मुलांचं स्मारक बाहेर बागेतच आहे.