जंगलासाठी काही करायचंय? मग कुंपणाच्या अलीकडे या

काल मैत्रिणीच्या मुलाचा मेसेज आला. "मावशी, नॅशनल पार्कमध्ये व्हॉलंटियर व्हायचंय. बिबट्या दिसेल ना?" उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की इथेच टाकते.

बाळा, बहुतेक नाही दिसणार. मी बोरिवलीत राहते, नऊ वर्षं हे काम करतेय, आणि बिबट्या समोर दिसलाय तो दोनदा, तोही दोन-तीन सेकंद. माझं जवळपास सगळं काम झालंय ते सोसायट्यांच्या मीटिंगांमध्ये, चाळींच्या पटांगणात आणि शाळांच्या वर्गांत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम 104 चौरस किलोमीटरचं. तुळशी आणि विहार तलाव त्याच्याच पोटात आहेत, त्यांचं पाणी मुंबईकर पितात. तिन्ही बाजूंनी शहर थेट भिंतीला टेकलंय. या जंगलाचं बरंवाईट भिंतीच्या आपल्या बाजूला ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

2004 साल ज्यांना आठवतंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. तेव्हा बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. जिकडेतिकडे एकच मागणी, पिंजरे लावा. त्याच सुमारास वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात अभ्यास केला आणि वेगळंच समोर आलं. पकडलेले बिबटे लांबच्या जंगलात नेऊन सोडले, तर तिथे हल्ले सुरू होत होते. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, परतीची वाट शोधतं. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या माळशेज घाटात सोडला, तर तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत, वसईची खाडी पोहून मुंबईच्या जंगलात आला. गळ्यात जीपीएसचा पट्टा होता म्हणून हे कळलं. शिवाय एक बिबट्या उचलला की रिकाम्या जागेत दुसरा येतोच.

मग 2011 मध्ये वनखात्याने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क) हा उपक्रम सुरू केला. संशोधक, पोलीस, पत्रकार आणि साधे नागरिक एकत्र बसले. माझ्यासारख्यांना वाट सापडली ती त्यातूनच.

आता मुलुंडच्या एका सोसायटीची गोष्ट सांगते. सेक्रेटरी काकांनी हॉलमध्ये सीसीटीव्हीचं फुटेज लावलं होतं. रात्रीचे दोन चाळीस. बिबट्या पार्किंगमधून येतो, कचऱ्याच्या डब्यांपाशी थबकतो, भिंतीवरून पलीकडे जातो. सगळं मिळून अकरा सेकंद. हॉलमध्ये गलका झाला, पिंजरा लावलाच पाहिजे. मी म्हटलं, काका, पुन्हा लावा, पण आता बिबट्याकडे नको, डब्यांकडे बघा. डबे उघडे, कोंबडीची हाडं बाहेर सांडलेली आणि चार भटकी कुत्री. बिबट्या आला होता तो त्या कुत्र्यांसाठी. एक आजी हळूच म्हणाल्या, "म्हणजे आपणच ताट वाढून ठेवलंय की." माझ्या पाऊण तासाच्या भाषणाने झालं नसतं ते त्या एका वाक्याने झालं. पुढच्या महिन्यात डब्यांना झाकणं आली, कचरा रात्री बाहेर ठेवणं बंद झालं.

आणि आता जे मला खरं बोलायचंय ते. सुरुवातीला मी आदिवासी पाड्यांवरही तक्ते घेऊन जायचे. अंधारात मुलांना एकटं सोडू नका, एकट्याने वाकून बसू नका, वगैरे. एका पाड्यावर सत्तरीच्या एका वारली आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, हे आम्हाला ठाऊक आहे, रात्री निघालो की आम्ही मोठ्याने बोलत जातो, वाघोबाला आम्ही पुजतो. "तू एवढं सांग, संडासात दिवा कधी लागणार?"

मी त्यांच्याबरोबर तिथे चालत गेले. संडास पाड्याच्या पार टोकाला, दोन्ही बाजूंनी गवत कमरेएवढं, खांब आहे पण त्यावर बल्ब नाही. उभ्या माणसाच्या वाटेला बिबट्या सहसा जात नाही. धोका असतो तो अंधारात खाली बसलेल्याला आणि लहान मुलाला. ज्या बाईला रोज रात्री त्या वाटेने जावं लागतं, तिला मी तक्ता दाखवत होते. त्या दिवशी मला फार लाज वाटली.

जनजागृती नेहमी पाड्याकडे का जाते? पिढ्यान्‌पिढ्या बिबट्याच्या शेजारी राहिलेल्यांना आपण शिकवायचं, आणि परवा टॉवरमध्ये राहायला आलेल्यांनी पिंजरा मागायचा? आता आम्ही पाड्यावरच्या बायकांना सोसायट्यांमध्ये बोलायला नेतो. बाहेरच्या वक्त्याला देतो तेवढंच मानधन त्यांना देतो, कारण त्यांचा दिवसाचा रोज बुडतो. त्या बोलू लागल्या की हॉलमध्ये कुणी मोबाइल बघत नाही.

मध्ये एका कंपनीचा शंभर जणांचा गट झाडं लावायला आला होता. दोन तासांत दोनशे रोपं, फोटो, नाश्ता, परत. पावसाळ्यानंतर मी जाऊन पाहिलं, रोपं बहुतेक वाळली होती आणि प्लास्टिकच्या बाटल्या तशाच पडलेल्या होत्या. मन लावून आलेली माणसं होती ती, त्यांना चुकीचं काम दिलं गेलं. त्याच शंभर जणांनी आपापल्या सोसायटीतला उघडा कचरा बंद केला असता तर?

2021 मध्ये उद्यानाला लागून असलेल्या आरे कॉलनीत पुन्हा हल्ले झाले, तेव्हा वनखात्याच्या लोकांबरोबर स्वयंसेवकही गस्तीला फिरले. असं काम कंटाळवाणं असतं. त्याला रात्री जागणारी, तेच तेच दहा वेळा न चिडता सांगणारी माणसं लागतात.

तर बाळा, यायचं असेल तर रविवारी सकाळी साडेनऊला ये. त्या खांबावरच्या दिव्यासाठी आम्ही दोन अर्ज दिलेत, तिसरा लिहायचाय, आणि या वेळी पाड्यावरच्या प्रत्येक घरातून सही घ्यायची आहे. घरं बरीच आहेत. पाण्याची बाटली घरून भरून आण.