वही रद्दीत घाला, धंदा ढगात ठेवा

कोकणात धंदा करायचा आणि तो अद्ययावतही ठेवायचा, तर सुरुवात गल्ल्याखालच्या लाल वहीपासून करावी. ती आधी रद्दीत घाला. तीन पिढ्यांची उधारी तिच्यात आहे, कुणाच्या आजोबांनी चतुर्थीला किती गूळ नेला तेही आहे. तिला चार्जिंग लागत नाही, पासवर्ड लागत नाही, लाईट गेली तरी ती उघडते. असली वस्तू दुकानात ठेवून माणूस पुढे कसा जाणार?

मग क्यूआरचा फलक लावा. फक्त तोच. गल्ल्यात सुटे पैसे ठेवूच नका. 12 एप्रिल 2025 च्या शनिवारी यूपीआय देशभर अडखळलं, तेव्हा हापूसचा भर हंगाम होता. पेटी दोरीने बांधून तयार, पुण्याचं गिऱ्हाईक गाडी चालू ठेवून उभं, आणि त्याच्या फोनवर ते गोल चक्र फिरतंय. अशा वेळी त्याला समुद्र दाखवावा. जेमतेम अडीच आठवडे आधी, 26 मार्चलाही असंच झालं होतं, पण तेवढ्यावरून लगेच शहाणं होण्याइतके आपण उतावळे नाही. इंटरनेट नसलं तरी साध्या फोनवरून स्टार नव्याण्णव हॅश लावून पैसे पाठवता येतात. हे चुकूनही शिकून घेऊ नका. गिऱ्हाइकाला सांगायची वेळ येईल.

जाणकार म्हणतात, जोडण्या दोन ठेवा. ठेवा की! दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं घ्या, फक्त दोघींची रेंज सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावरच्या, एकाच टॉवरवरून येते का, ते बघायला जाऊ नका. टॉवरची बॅटरी उतरली की दोघी जावा-जावांसारख्या एकदमच रुसतात. फायबर घेतलंत तर उत्तम. ती खांबांवरून येते, खांबाला लागून माड असतो आणि झावळ पडताना आधी फोन करत नाही. इन्व्हर्टरवर पंखा जोडा, टीव्ही जोडा, कोळंबीचा फ्रीज जोडा; राऊटर तेवढा विसरा. म्हणजे लाईट गेल्यावर तुम्ही गार वाऱ्यात बसून ऑनलाइन बुकिंग का येत नाही याचा विचार करू शकाल. वळवाचा गडगडाट सुरू झाला तरी मोडेमची पिन काढू नका. मोडेम जळला तर नवा येतो. कधी येतो, ते विचारू नये.

बॅकअपही घ्या, नाही म्हणू नका. हिशेबाचा पेनड्राइव्ह करा आणि तो त्याच संगणकाच्या, त्याच टेबलाच्या, खालच्या खणात ठेवा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा खालचा खण आणि वरचा खण असा भेदभाव त्याने केला नाही. त्याच पुरात एसटीचे आगारप्रमुख आगाराची सुमारे 9 लाखांची रोकड घेऊन तासन् तास बसच्या टपावर बसून राहिले होते. बघा, रोकडीची केवढी कटकट! तिच्यासाठी टपावर माणूस बसवावा लागतो. आपला हिशेब मुळातच ढगात, म्हणजे ‘क्लाउड’वर, इंटरनेटवरच्या कुठल्यातरी दूरच्या संगणकात; त्याला पूर कसा येणार? तो उघडायला लागणारा फोन पाण्यात गेला, एवढंच.

आणि हे आपल्याकडेच होतं असं समजून लाजू नका. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप सहाएक तास जगभर बंद होते. दुरुस्तीची त्यांची स्वतःची साधनंही त्याच जाळ्यावर चालायची, त्यामुळे तीही गेली. म्हणजे विहिरीत पडलेला दोर काढायला तोच दोर हवा. 19 जुलै 2024 ला तर सुरक्षेसाठी बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळे पडले. अपडेट दीडेक तासात मागे घेतला, पण आडवी झालेली कित्येक यंत्रं माणसाने एकेकापाशी जाऊन उठवावी लागली. आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास चक्क पेनाने लिहून दिले. एवढी मोठी विमानं, आणि उडाली बॉलपेनवर. आपल्या होमस्टेच्या नोंदवहीला कुणी हसलंच तर हे सांगू नका, त्याचा मूड जाईल.

राहता राहिला पासवर्ड. तो भाच्याकडे असू द्या. भाचा मुंबईत, त्याचा फोन मीटिंगमध्ये. त्याने तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, म्हणजे सुरक्षितच आहे. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात आदळलं, त्यानंतर कित्येक गावांत बरेच दिवस लाईट नव्हती. तेवढ्या दिवसांत भाचा कधीतरी फोन उचलेलच, आणि तुम्हाला रेंज आली तर तुम्हीही.

एवढी तयारी झाली की गणपतीची वाट बघा. चाकरमानी उतरतात, प्रत्येकाकडे दोन फोन, आरतीचा व्हिडिओ एकाच वेळी सगळेच पाठवतात आणि टॉवर मान टाकतो. तुम्ही दुकानाची फळी लावून, फोन उंच धरून सडा चढा. वर पोचलात की करवंदीच्या जाळीपाशी तुमचं गिऱ्हाईक आधीच उभं असेल, त्याचाही हात वर. सकाळी नेलेल्या नारळांचे पैसे तुम्हालाच पाठवायला आलेलं.

"लिहून ठेव मरे," ते म्हणेल. "तुझी ती लाल वही खय गेली?"