टॉवेल सोलापूरचे, पण निवाडा रद्द करणारं कोर्ट कुठलं?

सोलापुरातल्या टॉवेल-चादर निर्यातदारांमध्ये एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: ‘परदेशी ग्राहकाच्या करारातल्या लवादाच्या कलमाला, म्हणजे वाद कोर्टाऐवजी पंचांनी सोडवायच्या अटीला, घाबरू नका. निवाडा, म्हणजे लवादाचा निर्णय, विरोधात गेला तर तीन महिन्यांत आपल्या जिल्हा न्यायालयात भारतीय लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली अर्ज टाका. अर्ज दाखल झाला की वसुली थांबते. निवाडा चुकीचा आहे हे दाखवलं की कोर्ट तो रद्द करतं. देवासचा निवाडा दिल्लीत रद्द झालाच ना?’

आधी देवासचं बघू, कारण सगळ्यांना तेच पटतं. इस्रोची व्यापारी कंपनी अँट्रिक्स हिच्याविरुद्ध देवास या खासगी कंपनीला २०१५ मध्ये ५६.२५ कोटी डॉलरचा निवाडा मिळाला, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तो ऑगस्ट २०२२ मध्ये रद्द केला, हे खरं. पण त्या लवादाचं स्थान, ज्याला वकील ‘सीट’ म्हणतात, नवी दिल्लीच होतं. म्हणून तो अर्ज दिल्लीत चालला. शिवाय रद्द होण्यामागे फसवणुकीचा मुद्दा होता. ‘लवादाचा हिशेब चुकला’ एवढ्यावर तो गेला नाही.

तुमच्या करारात सीट लंडन किंवा सिंगापूर असेल, तर कलम ३४ तुमच्यासाठी नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१२ च्या बाल्को निकालात हे स्पष्ट केलं. त्याआधी, २००२ च्या भाटिया इंटरनॅशनल निकालामुळे, परदेशातल्या निवाड्यावरही इथे कलम ३४ चे अर्ज व्हायचे. मेसेज लिहिणाऱ्याचं ज्ञान बहुधा त्या काळातलं आहे. त्यातही जिल्हा न्यायालय कुठून आलं कळत नाही. परदेशी निवाड्याची अंमलबजावणी मागायची तर समोरचा पक्ष उच्च न्यायालयात जातो.

‘तीन महिने’ हा आकडा तर सगळ्यात घातक. ती मुदत भारतातल्या निवाड्याची. सिंगापुरातही तीन महिनेच आहेत, पण लंडनमध्ये निवाड्याला आव्हान द्यायला २८ दिवस मिळतात. इथे तारखा मोजत बसलेला माणूस तिथली संधी केव्हाच घालवून बसलेला असतो.

स्थगिती आपोआप मिळण्याचे दिवसही २०१५ च्या दुरुस्तीने संपले. भारतातल्या निवाड्यावर अर्ज केला तरी स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि पैशाचा निवाडा असेल तर कोर्ट रक्कम भरायला सांगू शकतं. परदेशी निवाड्याला तिकडच्या कोर्टात आव्हान दिलं असेल, तर इथलं कोर्ट अंमलबजावणी लांबणीवर टाकू शकतं, पण त्यासाठी तारण मागू शकतं. टाकलंच पाहिजे असं नाही.

आता ‘निवाडा चुकीचा’ या मुद्द्याकडे. परदेशी निवाड्याची अंमलबजावणी नाकारायची कारणं त्याच कायद्याच्या कलम ४८ मध्ये मोजकीच आहेत: नोटीस न मिळणं, बाजू मांडू न देणं, कराराबाहेरचा वाद ठरवणं, लोकनीतीला धक्का, अशी. पुरावा लवादाने नीट तोलला नाही, हे त्यात बसत नाही. लंडनच्या निवाड्यांविरुद्ध विजय कारिया प्रकरणात असंच सगळं पुन्हा उकरायचा प्रयत्न झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो फेटाळलाच, वर ५० लाखांचा खर्च लावला. त्याच वर्षी नाफेडच्या शेंगदाणा निर्यातीच्या जुन्या वादात न्यायालयाने अंमलबजावणी नाकारली, हेही मान्य करतो. पण तिथे सरकारची निर्यातबंदी आड आली होती. तुमच्या टॉवेलांच्या जीएसएमवरून, म्हणजे कापडाच्या वजनावरून, झालेल्या भांडणात असलं काही नसतं.

मग परदेशी कोर्टं निवाडे रद्द करतच नाहीत का? करतात, आणि कशामुळे करतात ते बघण्यासारखं आहे. भारतातल्या रेल्वे मालवाहतूक मार्गाच्या कामावरून उठलेल्या एका वादात सीट सिंगापूर होती. निवाड्याच्या ४५१ परिच्छेदांपैकी किमान २१२ दुसऱ्या दोन प्रकरणांच्या निवाड्यांतून उचललेले निघाले. त्या दोन्ही प्रकरणांत लवादाचे अध्यक्ष तेच होते. तिथल्या अपील न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये निवाडा रद्द होण्यावर शिक्कामोर्तब केलं. नायजेरिया सरकारवर चढलेला सुमारे ११०० कोटी डॉलरचा निवाडा लंडनच्या कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये लाचखोरी आणि फसवणुकीमुळे बाजूला सारला. दोन्हीकडे प्रक्रियाच नासलेली होती. निर्णय बरोबर की चूक, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हताच.

किलोमागे एकेका रुपयासाठी ग्राहकाशी आठवडाभर घासाघीस करणारी आपली माणसं शेवटच्या पानावरचं सीटच्या शहराचं नाव न वाचता सही करतात, हे मला कधीच समजलेलं नाही. ऑर्डर पक्की होण्याआधी तिथे मुंबई लिहून मागा. ग्राहक मानेल न मानेल, मागायला पैसे पडत नाहीत. मुंबई असेल तर कलम ३४ खरंच लागू होतं. तेव्हाही, एक पक्ष परदेशी असल्याने, अर्ज उच्च न्यायालयातच करावा लागतो, आणि ‘निवाडा उघडउघड बेकायदेशीर आहे’ हे देशी वादात चालणारं कारण तिथे चालत नाही.