‘लहान बोटांनी कापूस स्वच्छ निघतो’ म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या गावच्या ग्रुपवर गुरुजींनी साधंच विचारलं होतं. दिवाळीच्या सुट्ट्या संपून इतके दिवस झाले, सहावी-सातवीची पोरं कुठे आहेत? त्याखाली माझ्या मामेभावानं एक लांबलचक फॉरवर्ड चिकटवला. असले मेसेज मी एरवी वाचत नाही. पण दादा शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. पोरं शाळेत येतात की नाही हे बघणं ज्याचं काम, तोच हे पाठवतो म्हटल्यावर डोकं सटकलं.

मेसेजचा सारांश असा. बालमजुरी कारखान्यात असते, शेतात नसतेच. २०१६ मध्ये सरकारनंच शेतीला सूट दिली आहे. लहान बोटांनी कापूस स्वच्छ निघतो, मोठ्यांना तसं जमत नाही. मोकळ्या हवेत पोर धट्टंकट्टं होतं. पोराची मजुरी बंद केली तर गरीब उपाशी मरेल. शिकून तरी नोकऱ्या कुठे आहेत? गाडगेबाबासुद्धा लहानपणी शेतात राबले. आणि शेवटी, हा सगळा आपल्या कापसाचा बाजार पाडायचा परदेशी डाव आहे. खाली तिरंगा आणि ‘शेतकरीपुत्र असाल तर पुढे पाठवा’.

बोटांपासून सुरू करते, कारण हे लिहिणाऱ्यानं जन्मात पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, हात लावलेला नाही याची मला खात्री आहे. बोंड उमललं की त्याच्या पाकळ्या वाळून कडक होतात आणि त्यांची टोकं सुईसारखी टोचतात. नखांच्या कडेला चिरा पडतात, संध्याकाळी भाजीत बोट बुडवलं की तिखट मेंदूपर्यंत जातं. सराईत बाई दोन्ही हातांनी वेचते. एका ओढीत बोंड रिकामं करते आणि वाळलेलं पान झाडावरच राहू देते. दहा-अकरा वर्षांच्या पोराचा हात वरच्या बोंडापर्यंत पोचत नाही. ते एका हातानं फांदी वाकवतं, दुसऱ्यानं ओढतं, आणि चुरलेलं पान कापसाबरोबर ओटीत येतं. हाच काडीकचरा दाखवून व्यापारी भाव पाडतो. स्वच्छ कापूस हवा असेल तर पोराला वावरात आणूच नका, असं खरं म्हणजे मालकांनीच म्हणायला पाहिजे.

आणि हा ‘नाजूक बोटां’चा युक्तिवाद काही नवा नाही. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूरच्या गालिच्यांबद्दलही हेच सांगितलं जायचं, की बारीक गाठ फक्त लहान पोरांनाच मारता येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अभ्यासकांनी नव्वदच्या दशकात तिथे जाऊन पाहिलं, तर तलम गालिच्यांच्या कामातही पोरांचा हात मोठ्यांपेक्षा सरस असल्याचं काही आढळलं नाही. पोरं स्वस्त पडतात आणि उलट बोलत नाहीत, एवढीच त्यांची खासियत.

‘शेतात बालमजुरी नसतेच’ याला फार शब्द घालवत नाही. याच संघटनेनं युनिसेफबरोबर २०२५ मध्ये काढलेल्या अहवालात जगात १३.८ कोटी बालमजूर धरले आहेत आणि त्यातले ६१ टक्के शेतीत आहेत. कारखाने आणि हॉटेलं त्याच्या कितीतरी मागे आहेत.

आता कायदा. इथे मेसेजमध्ये अर्धं खरं आहे आणि म्हणूनच तो जास्त घातक आहे. १९८६ च्या बालमजुरी कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आली, आणि त्याच वेळी ‘शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाला मदत’ अशी सूट ठेवली गेली. ही सूट सैल आहे, काका-मामा-आत्या-मावशी सगळे तिच्या कुटुंबात बसतात, आणि अनेकांनी तेव्हाच त्यावर टीका केली होती. मलाही ती पटत नाही. पण दादा, ती सूट ‘शेतीला’ नाही रे. २०१७ च्या नियमांत तिच्या मर्यादा लिहून ठेवल्या आहेत. धंदा कुटुंबाच्याच ताब्यातला पाहिजे. शाळेच्या वेळात काम नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, दिवसाला ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि मोठ्या माणसाच्या जागी पोर उभं करायचं नाही. शाळेतून आलेल्या पोरीनं घरच्या वावरात घटकाभर आईला हात लावला तर कोणी पोलिसात जात नाही, जाऊही नये. दुसऱ्याच्या वावरात किलोच्या दरानं दिवसभर वेचणारी पोरगी या सवलतीत कुठल्याच बाजूनं बसत नाही. तिला कामावर ठेवणाऱ्याला ६ महिने ते २ वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड किंवा दोन्ही, असं कायदा म्हणतो.

मग एकाही मालकावर केस का होत नाही? त्यासाठी संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, वेचलेल्या कापसाचा काटा होतो, वजन होतं, तेव्हा उभं राहून बघा. बाई आपली गाठोडी आणून टाकते. त्यात तिच्या ओटीतला कापूस असतो, पोरीच्या ओटीतला असतो, धाकटीनं फ्रॉकच्या घेरात गोळा केलेलाही असतो. सगळं एकत्र काट्याला लागतं आणि मालकाच्या वहीत एकच नाव चढतं, आईचं. पोर कामाला होतं याचा कागदावर मागमूस नाही. विचारलं तर मालक म्हणतो, ‘म्या कुठं ठेवलं? तिची मायच घेऊन येते.’ आणि तो अगदी खोटं बोलत नसतो.

‘गरीब उपाशी मरेल’ हा मुद्दा याच काट्यावर तपासायला हवा. वेचाई किलोवर मिळते. दर दहा रुपये धरा. पोरानं दिवसभरात दहा किलो वेचला तर घरात शंभर रुपये जास्त आले, हे खरं आहे, आणि ज्या घरात ते शंभर मोजून खर्च होतात तिथे जाऊन मी अक्कल शिकवणार नाही. पण हे एकाच घरापुरतं बघितलं तरच फायदा दिसतो. गावातली सगळीच पोरं ओट्या बांधून उतरली की मालकाला मजुरांची टंचाई जाणवत नाही, आणि बायकांनी ‘यंदा बारा द्या’ म्हटलं तर त्यांचं कोणी ऐकत नाही. म्हणजे पोराचे दहा किलो आईचा दर खाली धरून ठेवतात. त्याच्या शंभर रुपयांतला मोठा वाटा तिच्याच मजुरीतून कापलेला असतो.

मालकाची बाजूही सांगते, नाहीतर दादा म्हणेल शहरात जाऊन शेतकऱ्याला विसरली. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. दहाच्या दरानं क्विंटलमागे हजार रुपये वेचाईतच जातात, वर बियाणं, खत, फवारणी, डवरणी. तोही हमीभाव सरकारी केंद्रावर, खाजगी व्यापाऱ्याकडे कितीदा त्याहून कमी. मालकाचा हात आखडतो तो उगाच नाही. पण मग भांडण भावासाठी करा ना! तूट भरून काढायला सातवीतली पोरगीच का सापडते?

मोकळ्या हवेचं म्हणाल, तर ते यवतमाळ जिल्ह्यात तरी बोलू नका. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात इथे विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. पंप मोठ्यांच्या पाठीवर असतो, पण ड्रममधून पाणी काढून पंपात भरून द्यायला बऱ्याचदा पोरच उभं असतं. तोंडाला रुमालसुद्धा नसतो.

गाडगेबाबांना मधे ओढलं, तिथे मात्र मला हसावं की रडावं कळेना. शेंडगावात जन्मलेला हा माणूस लहानपणी दापुऱ्याला मामाकडे गुरं राखत होता, शेतात राबत होता, बरोबर आहे. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. आणि म्हणूनच आयुष्यभर कीर्तनात उभं राहून काय सांगत राहिले? जेवायचं ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. अमरावती जिल्ह्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो हे तोंडपाठ म्हणून दाखवेल. त्यांच्या नावावर पोरांना वावरात धाडायचं म्हणजे हद्द झाली.

नोकऱ्या नाहीत, कबूल. पण काट्यावरचं वजन आणि बँकेतला कागद स्वतः वाचता यावा, एवढ्यासाठीही शाळा लागते. परदेशी डावाबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. गुरुजींनी आपल्याच गावच्या पोरांची हजेरी विचारली होती.

नुसत्या धाडी टाकून हे थांबेल असं मीही म्हणत नाही. हॉटेलातून सोडवलेलं पोर महिन्याभरानं दुसऱ्या हॉटेलात कपबशा विसळताना दिसतं. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करावाच, पण गावात त्याआधी करण्यासारखं बरंच आहे आणि ते दादाच्याच हातात आहे. पोर न कळवता सलग ३० दिवस गैरहजर राहिलं तर मुख्याध्यापकांनी नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवायचं, असं त्याच २०१७ च्या नियमांत लिहिलं आहे. आमच्याकडे एकोणतिसाव्या दिवशी पोर एकदा येऊन खिचडी खाऊन जातं आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. तेव्हा समितीनं तीस दिवसांची वाट बघू नये. सलग आठवडा हजेरी नसेल तर त्या घरी जावं, आणि ज्याच्या वावरात पोर दिसतं त्या मालकाच्याही घरी जावं. मालक नात्यातला निघणार हे मला माहीत आहे, तरी जावं. जी घरं वेचणीला किंवा वीटभट्टीवर बाहेरगावी जातात त्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. त्यासाठी यादी दसऱ्याच्या आत तयार पाहिजे. सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची वावरातली पूजा, होऊन घरांना कुलपं लागल्यावर पाठवलेला प्रस्ताव काय कामाचा?