निघतो म्हणणारा पाहुणा

ऑफिसचा सर्व्हर माझ्या गळ्यात पडला तो प्रिंटरमुळे. त्यात अडकलेला कागद एकदा मी ओढून काढला, आणि सेठजी सगळ्यांसमोर म्हणाले, "याले समजते बरं कॉम्प्युटरमधलं." आधी सर्व्हर पाहणारा पोट्टा नोकरी लागली म्हणून पुण्याला पळाला होता. जाताना रूटचा, म्हणजे सर्व्हरच्या मालक-खात्याचा, पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरमागे, दूधवाल्याच्या हिशेबाखाली लिहून गेला. मी बी.कॉम. माणूस, नागपूरच्या सीताबर्डीत ठोक कापडाची बिलं फाडून पोट भरणारा. सर्व्हर चालतो लिनक्स नावाच्या प्रणालीवर, आणि एका दुपारीत मी तिचा रूट झालो.

सर्व्हर आमच्या माळ्यावर असतो, साड्यांचे गठ्ठे आणि कूलर यांच्या मध्ये. कूलर त्याच्यासाठीच आहे. घरी माझ्या आईच्या खोलीतला कूलर दोन वर्षांपासून नुसता घरघरतो, पण सर्व्हरच्या कूलरला दर उन्हाळ्यात नवा वाळा.

तर मे महिना, पारा ४५ वर, लग्नसराई ऐन भरात, आणि संध्याकाळी साडेसहाला बिलं निघायची थांबली. स्क्रीनवर एकच ओळ: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. मी सेठजींना मराठीत सांगितलं, जागा नाही म्हणते. सेठजींनी मान वर करून माळ्याकडे पाहिलं.

"मंग ते चार गठ्ठे खाली घ्या ना बाप्पा."

गठ्ठ्यांचा संबंध नाही हे पटवण्यात दहा मिनिटं गेली. मग म्हणाले, "बंद करून चालू कर." मी हसलो. सर्व्हर म्हणजे काय मिक्सर आहे? त्या हसण्याबद्दल पुढे येईलच.

बंगळुरूच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, आधी रूट म्हणून आत शिरा." पासवर्ड टाइप करायला घेतला, तर स्क्रीनवर काही उमटेना. अक्षर तर सोडाच, बँकेच्या साइटवर येतात तशा चांदण्याही नाहीत. मला वाटलं कीबोर्ड गेला. उलटा करून ठोकला. त्यातून शेवेचे दोन दाणे आणि तर्रीत भिजून वाळलेला एक पोहा निघाला. पासवर्ड काही निघाला नाही.

"मामा, तो दिसत नसतोच. मागून कोणी अक्षरं मोजू नये म्हणून."

मागे सेठजी, दोन गिऱ्हाइकं आणि चहावाला पोट्टा उभे होते. सगळे मोजतच होते.

मग सुरू झाला अबोला. हा प्रकार मी अजूनही पचवू शकलेलो नाही. आमच्याकडे लिंबू विकत घेतलं तरी "झालं का जी?" "हो ना जी!" एवढं तरी होतं. इथं हुकूम द्यावा, एंटर मारावं, आणि समोरून शून्य उत्तर. काही बोललं नाही म्हणजे काम झालं, बोललं म्हणजे बोंबलली गाडी. भाचा सांगतो, १९६९ साली बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स, म्हणजे आमच्या लिनक्सचा आजोबा, उभं केलं तेव्हा पडदा नव्हता, सेकंदाला १० अक्षरं छापणारा टेलिटाइप होता. म्हणून हुकूमही तोकडे, एलएस, सीपी, एमव्ही, आणि उत्तरही कंजूष. ठीक आहे. पण आता पडदा आलाय की. एकदा 'हो' म्हणायला काय जातं?

डिस्क किती भरली ते सांगणारा हुकूम, डीएफ मायनस एच, मारला. डिस्क १०० जीबी, भरली १०० टक्के. डीयू या दुसऱ्या हुकमाने एकेक फोल्डर तोलत गेलो तर बिलिंगच्या सॉफ्टवेअरची एकच लॉग फाईल, म्हणजे त्याची रोजची नोंदवही, ६० जीबीची निघाली. सगळं सामान मिळून ९५, त्यात ही बया ६०. उरलेले ५ टक्के ही फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडणारी व्यवस्था, रूटसाठी राखून ठेवते म्हणे, पाहुण्यांसाठी लपवून ठेवलेल्या संत्रा बर्फीसारखे. म्हणून मी आत शिरू शकलो आणि बिलिंग उपाशी मेलं.

आरएम हा पुसायचा हुकूम मारून लॉग उडवली. अबोला. म्हणजे झालं! सेठजींना अंगठा दाखवला, गिऱ्हाइकं पुढे सरकली, बिल काढायला गेलो आणि पुन्हा तेच, जागा नाही. डीएफ मारलं: १०० टक्के. डीयू मारलं: ३५ जीबी. एकाच डिस्कबद्दल दोघं दोन गोष्टी सांगत होते, जशी वाटणीच्या वेळी आमच्या दोन्ही काकांनी एकाच वावराची मापं सांगितली होती.

भाचा तिकडे हसायला लागला. "मामा, आरएम फाईल पुसत नाही. फक्त तिच्या नावाची पाटी काढतं. ती फाईल ज्याने उघडी धरलीय तो सोडत नाही तोवर जागा अडलेलीच."

आणि मला एकदम सगळं समजलं. माझे थोरले साडू! रात्री साडेनऊला "निघतो आता" म्हणून उठतात. बायको त्यांचं नाव जेवणाऱ्यांच्या यादीतून काढते, त्यांची भाकरी दुसऱ्याच्या ताटात जाते. हिशेबात माणूस गेला. प्रत्यक्षात साडेदहालाही ते फाटकाला टेकून, एक पाय चपलेत घालून, नातवाच्या अ‍ॅडमिशनबद्दल बोलत असतात. डीयू म्हणजे बायको, यादी पाहून मोजते. डीएफ म्हणजे मी, फाटकाशी उभा.

कोणती फाईल कोणी धरलीय ते दाखवणारं एलएसओएफ मारल्यावर आमचे साडू सापडलेच. बिलिंगचं सॉफ्टवेअर आपली ६० जीबीची लॉग मुठीत धरून बसलेलं, आणि पुढे कंसात लिहिलेलं 'डिलिटेड'.

"आता ते सॉफ्टवेअर बंद करून चालू करा," भाचा म्हणाला.

मी फोन कानाला तसाच धरून सेठजींकडे पाहिलं नाही. हळूच विचारलं, "अन् अख्खा सर्व्हरच बंद करून चालू केला असता तर?"

"तरी झालं असतं की."

बंद केलं, चालू केलं. डीएफ खाली ३७ टक्क्यांवर आलं, बिलं निघायला लागली. मी घाम पुसला. पण भाच्याला चैन नाही. "मामा, लॉग एवढी फुगली कशाने? क्रॉनटॅब दाखवा."

क्रॉनटॅब म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी. तिच्यात एकच ओळ होती, आणि ती माझी होती. फेब्रुवारीत सेठजी म्हणाले होते, रात्री २ वाजता बॅकअप लागला पाहिजे. ओळीत सुरुवातीला पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. तासाच्या रकान्यात मी २ लिहिलं आणि बाकी चारांत चांदण्या. चांदणी म्हणजे 'काही का असेना' असं मी धरून चाललो होतो. मशीनच्या लेखी चांदणी म्हणजे 'प्रत्येक'. दोन वाजल्यापासून दोन एकोणसाठपर्यंत, दर मिनिटाला एक, असे रोज रात्री ६० बॅकअप चालले होते. जुन्या फाईलवर नवी चढत असल्यामुळे पसारा दिसला नाही, पण प्रत्येक वेळी बिलिंग प्रत्येक बिलाची नोंद लॉगमध्ये करत होतं. तीन महिने.

दुरुस्त करायला ओळ उघडली तर व्हीआय उघडलं. १९७६ साली बिल जॉय नावाच्या माणसाने हा एडिटर लिहिला. आत शिरणं सोपं, बाहेर येणं आमच्या लग्नाच्या मांडवातून जेवल्याशिवाय निघण्याएवढं अवघड. फेब्रुवारीत मी 'एक्झिट' लिहिलं, 'बाय' लिहिलं, शेवटी खिडकीच बंद केली होती. या वेळी भाच्याने हात धरून नेलं: पहिली चांदणी खोडून शून्य, एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर.

अबोला.

"झालं का जी?" मागून सेठजी.

"हो ना जी."

"काय झालतं?"

"कचरा साचला होता."

सेठजींनी शटर अर्धं ओढलं आणि शेजारच्या भांडेवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी तं पहिलेच म्हटलं होतं, बंद करून चालू कर. दोन घंटे लावले यानं." मग माझ्याकडे वळले. "चला, निघतो मी," म्हणाले, आणि त्या अर्ध्या शटरखाली वाकून, एक हात गल्ल्यावर ठेवून, पुढची चाळीस मिनिटं तिथंच उभे राहिले.