डिस्को मासा घरी आणताना घ्यायची काळजी (स्वतःची)

मासा निवडण्याआधी सोफ्याचं कव्हर नीट बघून घ्या. ब्लाउजपीससाठी साडी घेऊन जसं नागपुरात सीताबर्डीच्या मॅचिंग सेंटरवर उभं राहता, तसंच कुशन बगलेत मारून माशांच्या दुकानात उभं राहायचं. मोरपंखी आहे, राणी आहे, पोपटी आहे. निसर्गाने मासा या रंगांत काढला नसेल तर तो निसर्गाचा आळस. ती कसर भरून काढणारे कारागीर आग्नेय आशियातल्या फार्मांवर बसलेले आहेत.

सुरुवात डिस्को माशापासून करा. मूळचा हा आपलाच, परांबासिस रांगा, देशभरच्या तळ्यांत आणि ओढ्यांत सापडणारा. अंग इतकं पारदर्शक की मणका आणि बरगड्या बाहेरून मोजाव्यात. एवढी कमाल देवाने फुकट केलेली असल्यामुळे तिला बाजारात भाव नाही. मग चार सेंटिमीटरचा तो जीव जाळीतून काढून चिमटीत धरायचा आणि पाठीच्या व पोटाच्या कडेने सुईने फ्लोरोसंट रंग भरायचा. एका टोचण्यात रेघ उठत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा टोचायचं. माणसाच्या मापाने हिशेब केला तर ती सुई पेन्सिलीएवढी जाड होते. त्याच सुईने पुढचा मासा, मग त्याच्या पुढचा. सुई बदलत बसलं तर माल परवडत नाही. जखमेतून जिवाणू शिरतात, आणि लिम्फोसिस्टिस नावाचा विषाणू अंगावर फ्लॉवरच्या तुऱ्यांसारख्या पांढऱ्या गाठी आणतो. बरेच मासे वाटेतच संपतात. तुमच्यापर्यंत पोचतो तो वाचलेला मासा, म्हणजे तसा दणकटच. हे दुकानदाराला सांगू नका, भाव वाढवेल.

सुई बघवत नसेल तर बुडवून रंगवलेला मासा घ्या. विडो टेट्रा, कोरीडोरास अशांवर ही पद्धत चालते. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो आधी दाहक द्रावणात उतरवतात. मग रंगाची आंघोळ, आणि थर पुन्हा धरावा म्हणून आणखी एक झोंबणारं द्रावण. आता हा थर काही शोभेचा नसतो. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे पाणी सतत आत घुसतं आणि क्षार बाहेर पाझरतात. ही गळती रोखण्यात आणि बुरशी, जंतू दारावरच अडवण्यात त्या थराचा मोठा वाटा असतो. तो काढला की माशाची अवस्था ऐन पावसाळ्यात कौलं काढलेल्या घरासारखी होते. तुम्ही मात्र धुळवडीला बाहेर पडताना खोबरेल तेल चोपडायला आणि हर्बल गुलाल मागायला विसरू नका. कातडी नाजूक असते.

दुकानात प्रश्न विचारायचा तो एकच, 'भाऊ, रंग पक्का हाय ना?' उत्तर 'कंपनीचा रंग हाय' असं येईल. त्यावर समाधान मानावं. रंग कुठून आला, कशाने आला, हे विचारलंत तर तुम्हाला कळेल, आणि कळल्यावर घ्यायची पंचाईत. तसंच फार निरखून बघू नका. एकाच टाकीत एकाच जातीचे पाच रंग दिसतील, नावं फळांची नाहीतर गोळ्या-चॉकलेटची असतील, आणि डिस्को माशाच्या रंगाची रेघ कडेकडेने जाऊन मध्येच तुटलेली असेल. अशा वेळी नजर किमतीच्या पाटीवर ठेवावी.

यात एका माशावर उगाच आळ येतो, तो म्हणजे ग्लो फिश. निळ्या दिव्याखाली चमकतो म्हणून लोक त्यालाही सुईवाल्यांत ढकलतात. त्याला सुई लागलेली नसते. समुद्री जीवांचं चमकणारं जनुक त्याच्यात घातलेलं असतं, रंग जन्मतः येतो आणि पिल्लांतही उतरतो. गंमत अशी की पहिला ग्लो फिश म्हणजे आपला झेब्रा मासा, गंगेच्या खोऱ्यातला. 1999 मध्ये सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी त्याला चमकवला, 2003 च्या अखेरीस अमेरिकेत तो विक्रीला आला, आणि मग दिवे लावून माहेरी परतला. त्याची भानगड सुईची नाही, परवानगीची आहे. जनुक बदललेला जीव भारतात आणायचा तर 1989 च्या नियमांप्रमाणे केंद्राची मंजुरी लागते. दुकानात ती कधी भिंतीवर टांगलेली दिसली तर फोटो काढून ठेवा, दुर्मीळ चीज आहे.

हात बसला की संकराकडे वळा. पॅरट मासा तैवानात 1986 च्या सुमारास तयार झाला. आई-बाप मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड नावाच्या माशांच्या कुळातल्या दोन वेगळ्या जातींचे असावेत असं मानतात, पण जन्माचा दाखला कोणी नीट ठेवलेला नाही. तोंड पूर्ण मिटत नाही, म्हणून चावण्याचं काम घशातल्या दातांवर पडतं. मणका वाकडा आणि हवेची पिशवी बेढब, त्यामुळे पोहणं डुलत डुलत. नर बहुधा वांझ. संकर म्हटला की सगळाच वाईट असं नव्हे, खेचरही संकरच आहे. पण खेचराला निदान तोंड मिटता येतं. पॅरटचं ते अर्धवट उघडं तोंड 'हसतंय बघ' म्हणून पाहुण्यांना दाखवावं. लहान, बुडणारे दाणे टाकायचे, मोठे दाणे त्याला नीट चावता येत नाहीत. प्रेमाच्या भेटीसाठी हृदयाच्या आकाराचा पॅरटही मिळतो. पिल्लू असताना शेपटी कापली की मागून तो आकार येतो. बलून मॉलीचं त्या मानाने सोपं, तिचा कणा वाकडाच पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणला आहे, कात्रीची गरज नाही.

वास्तूसाठी फ्लॉवरहॉर्न. हा नव्वदच्या दशकात मलेशियात घडवलेला. याच्या डोक्यावरचं टेंगूळ जितकं मोठं तितकी घरात बरकत, आणि भावही त्याच टेंगळावर ठरतो. पूर्ण वाढला की हा फूटभर होतो, त्याला निदान अडीच-तीनशे लिटरची टाकी एकट्याला लागते. तुम्ही टीव्हीशेजारच्या साठ लिटरच्या टाकीत ठेवा. लक्ष्मी चंचल असते, तिला वळायला जागा दिली तर निघून जाईल.

माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे फिल्टरमधले जिवाणू तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो, ही गोष्ट दुकानदारही सांगत नाही, तुम्हीही मनावर घेऊ नका. शनिवारी टाकी, रविवारी मासे आणि बुधवारी अमोनिया. त्यातूनही तरले तर मे महिना आहेच. पंचवीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, पस्तीस अंशांना तो जेमतेम 7 राहतो. माशाची गरज त्याच वेळी वाढलेली असते. बाहेर पंचेचाळीस, कूलर तुमच्याकडे तोंड करून, आणि दुपारी दोनला लाइट गेली की एअर पंप बंद. सर्वांत आधी वर येऊन हवेसाठी तोंड मारू लागतो तो सुई खाल्लेला.

मेला तर रडायचं नाही. 'घरावरची पीडा त्याने स्वतःवर घेतली' असं शेजाऱ्यांना सांगायचं. तान्ह्या पोळ्याला आपण नागपुरात काळी-पिवळी मारबत काढतो, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडतो, ती वर्षातून एकदाच. तुमच्या घरात मात्र दीड-दोन महिन्यांनी निघते, प्लॅस्टिकच्या पिशवीतून, जिन्याने खाली. पीडा एवढी येते कुठून हे विचारायचं नाही. नवीन मासा आणायचा.

आणि नाहीच मेला, तर आणखी पंचाईत. डिस्को माशाचा रंग काही महिन्यांत उतरतो आणि टाकीत परत तोच आरपार, देशी मासा उरतो. हा बदलून मिळतो का, विचारून बघा. फ्लॉवरहॉर्न फारच वाढला तर जीवदया म्हणून फुटाळा तलावात सोडा. मलेशिया-सिंगापूरमध्ये लोकांनी असाच सोडला होता, तिथल्या तळ्यांत त्याचा संसार छान चालला आहे. स्थानिक माशांचं विचारू नका, ते त्याच्या ताटात आहेत.

कायद्याची भीती वाटत असेल तर 1960 चा प्राण्यांशी क्रूरतेविरुद्धचा कायदा उघडून बघा. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, म्हणजे मासासुद्धा. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. तर्री-पोहे खाऊन परत येताना सुटे जपून ठेवा, पन्नासच्या नोटेचे चाळीस परत मिळतीलच असं नाही.